गावाचं पाणी, गावाचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण पुण्यात राहतो आणि गेली काही वर्षं पुरंदर, बारामती, दौंडच्या जिरायती गावांत जा-ये करतो. चावडीवर, विहिरीच्या कठड्यावर आणि सासवडच्या एसटीतसुद्धा तेच ते प्रश्न कानावर येतात. दर वेळी तोंडी उत्तर द्यायचं आणि दर वेळी निम्मं विसरायचं, त्यापेक्षा एकदाचं लिहून ठेवलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत. विषयच तसा आहे.

पुणे जिल्हा आणि दुष्काळी? इथे तर धरणंच धरणं आहेत!

हा प्रश्न बहुतेक वेळा पुणे शहरातल्या कोथरूडकडून येतो. मुळशी-वेल्ह्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला बारामती-इंदापुरात पाचशेच्या आसपास, आणि तोही मनात आलं तर. सह्याद्री चढतानाच ढग रिकामे होतात. पूर्वेकडे उरतो वारा.

धरणं भरतात ती घाटातल्या पावसावर. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साधारण 29 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. ते कालव्यातून जातं, आणि कालवा उताराचं ऐकतो, गावाचं नाही. कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावाला पाणी दिसतं, मिळत नाही. बारामती तालुका त्याचा नमुना आहे. नीरा डाव्या कालव्याखालच्या दक्षिण भागात ऊस उभा असतो आणि सुपे-मोरगावच्या बाजूला त्याच महिन्यात टँकरची वाट बघणारे हंडे रांगेत असतात. कऱ्हा नदी गराड्याकडून निघते, सासवडवरून जेजुरीजवळच्या नाझरे धरणात येते आणि पुढे बारामती तालुक्यात नीरेला मिळते. वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रातून चप्पल न भिजवता पलीकडे जाता येतं.

एकात्मिक, लोकसहभागातून पाणी व्यवस्थापन म्हणजे सोप्या भाषेत काय?

नाव जड आहे, मान्य. गोष्ट अशी की पाऊस, ओढा, विहीर, बोअर आणि नळ यांतलं पाणी एकच असतं. त्याचे विभाग आपण पाडलेत. बंधारा एका खात्याचा, नळयोजना दुसऱ्याचा, शेततळं तिसऱ्याचं आणि बोअर ज्याची त्याची.

एका गावात नळयोजनेची विहीर दिवाळीला काठोकाठ होती आणि फेब्रुवारीत कोरडी पडली. कागदावर शेरा आला, ‘उद्भव निकामी’, म्हणजे पाण्याचा स्रोतच गेला. आम्ही ओढ्याने वर चालत गेलो, तर चारशे पावलांच्या आत तीन नव्या बोअर आणि त्यांवर उभा ऊस. उद्भव चांगला होता. वरून कोणीतरी उपसत होतं, आणि त्याची नोंद नळयोजनेच्या फायलीत होणारच नव्हती.

सगळं पाणी एका वहीत मांडायचं आणि ते कुठे, किती, कोणाला हे गावाने एकत्र बसून ठरवायचं, एवढाच याचा अर्थ. वहीचा भाग सोपा आहे. एकत्र बसण्याचा अवघड.

चर खणले, बंधारे बांधले, झाडं लावली. आता काय राहिलं?

वाटणी राहिली. आमच्या मते गाडी बहुतेक ठिकाणी इथेच अडते.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे वाक्य भिंतीवर लिहायला दोन डबे रंग लागतो. माथा ते पायथा काम करायचं हेही आता पोरांना पाठ आहे. डोंगरावर सलग समतल चर, घळीत दगडी बांध, उतारावर बांधबंदिस्ती, मग मातीचे आणि सिमेंटचे नालाबांध. काम नीट केलं तर विहिरींना पाणी वाढतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण वाढलेल्या पाण्याचं काय होतं तेही पाहिलंय. पहिल्या चांगल्या वर्षी ज्याच्याकडे पैसा आहे तो पाइपलाइन टाकतो, दुसऱ्या वर्षी बोअर घेतो, तिसऱ्या वर्षी त्याच्या शेतात बागायत आणि गावात पुन्हा टँकर. श्रमदान सगळ्यांनी केलं, पाणी चौघांनी नेलं. अशा गावात पुढच्या वेळी कुदळ हातात द्यायला गेलो की लोक हसतात. त्यांचं हसणं बरोबर असतं.

पाणी पंचायत, पाणी पंचायत म्हणतात ती नेमकी काय?

याचं उत्तर पुरंदरातच आहे. 1972च्या दुष्काळात पुण्यातले एक अभियंता-उद्योजक, विलासराव साळुंखे, या भागात आले. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं त्यांनी पाहिली आणि त्यांना प्रश्न पडला की हीच मजुरी याच लोकांच्या शिवारात का वापरू नये. नायगावला देवस्थानची सुमारे 40 एकर माळरान जमीन त्यांनी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याला तळं केलं, तळ्याच्या खाली विहीर खोदली आणि ते पाणी परत वर चढवलं. ज्या माळावर कुसळं उगवायची तिथे पिकं आली. त्यातून ग्रामगौरव प्रतिष्ठान उभं राहिलं आणि पुढे गावोगावच्या सामूहिक उपसा योजना, म्हणजे पंपाने पाणी वर उचलून शेतांना द्यायचं.

खरी गंमत नियमांत होती. पाणी एकराप्रमाणे मिळायचं नाही, डोईप्रमाणे मिळायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. म्हणजे वीस एकरवाला आणि तीन एकरवाला, दोघांच्या घरात पाच माणसं असतील तर पाणी सारखंच. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी हक्क सोबत विकता येत नाही, तो योजनेकडे परत येतो. भूमिहीनालाही वाटा. ऊस आणि तशी खादाड पिकं बंद. खर्चापैकी 20 टक्के लाभधारकांनी आधी भरायचे, 50 टक्के सरकारी अनुदान आणि उरलेले 30 टक्के प्रतिष्ठानकडून बिनव्याजी. पाणी सोडायला गावानेच नेमलेला पाटकरी.

यातला ‘आधी 20 टक्के भरा’ हा नियम लोकांना जाचक वाटतो. आम्हाला तो सगळ्यात शहाणा वाटतो. स्वतःचे पैसे अडकले की माणूस व्हॉल्व्ह गळताना बघून पुढे जात नाही.

मग त्या योजना बंद का पडल्या?

सगळ्या नाही, पण बऱ्याच पडल्या, हे झाकण्यात अर्थ नाही. विजेची बिलं वाढली. मोटारी म्हाताऱ्या झाल्या. वरच्या अंगाला बोअर वाढल्यामुळे काही तळी-विहिरींना पाणीच राहिलं नाही. पहिली पिढी थकली आणि दुसरी पिढी हडपसरला कामाला लागली. साळुंखे 2002 मध्ये गेले, त्यानंतर भांडण मिटवायला सगळे ज्याचं ऐकतील असा माणूस राहिला नाही. आणि मोठ्या उपसा योजनांचं पाणी येणार अशी आशा लागली की डोईप्रमाणे अर्ध्या एकराचं पाणी कोणाला नको असतं.

तरीही पाणी वाटायचा इतका सरळ नियम आम्हाला दुसरीकडे क्वचित दिसला.

माझी जमीन, माझी विहीर. मग पाणी माझं कसं नाही?

कायद्याने बघाल तर गुंता आहे. नदी-ओढ्याचं पाणी सरकारचं. जमिनीखालचं पाणी मात्र 1882च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीनमालकाने हवं तेवढं उपसावं अशीच रीत पडली. महाराष्ट्रात 1993चा कायदा आला तो पिण्याच्या पाण्यापुरता. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नाही. त्यानंतरचा व्यापक भूजल कायदा 2009चा, तो 1 जून 2014 पासून लागू झाला. त्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत आणि पाणलोट क्षेत्राच्या, म्हणजे एका ओढ्याला पाणी मिळतं त्या सगळ्या भागाच्या, समित्यांची तरतूद आहे. कायदा चांगला आहे. बोअरची गाडी रात्री अकराला येते आणि पहाटे निघून जाते, हीच काय ती अडचण.

कायदा बाजूला ठेवा. तुमच्या बोअरचं पाणी तुमच्या बांधाखाली तयार झालेलं नसतं. ते वरच्याच्या शेतात जिरलं, खडकातल्या फटींतून सरकत आलं आणि तुमच्या बोअरमध्ये सापडलं. तुम्ही उपसलं नसतं तर खालच्याच्या विहिरीत निघालं असतं. एका थाळीत पाच जण स्ट्रॉ घालून बसलेत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आपल्या खडकात पाणी मावतं तरी किती?

फार कमी. हे समजलं की बाकीचे निम्मे प्रश्न सुटतात.

आपल्याकडे बेसाल्ट, काळा पाषाण. वरचा मुरूम आणि भेगाळलेला थर सोडला तर खाली टणक. अशा खडकात शंभर भागांत साधारण एक ते तीन भाग पाणी सोडतील एवढीच जागा असते. दोन धरा. एक हेक्टर शिवार, त्याखाली दहा मीटरचा थर पाण्याने पूर्ण भरलेला. त्यातून निघणारं पाणी 2,000 घनमीटर, म्हणजे 20 लाख लिटर. ऐकायला भरपूर वाटतं. पाटाने भिजवलेल्या एक एकर उसाला वर्षाला 80 लाख लिटरच्या घरात पाणी लागतं. एक एकर ऊस म्हणजे चार हेक्टरांखालची दहा मीटर भूजल पातळी साफ.

दुसरी बाजूही आहे. जागा कमी म्हणून ती लवकर भरते. हस्ताचे दोन चांगले पाऊस झाले की विहीर आठ दिवसांत वर येते. लोकांना वाटतं पाणी अफाट आहे. ते भांडं लहान असल्याचं लक्षण आहे.

पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा? आम्हाला जमेल का?

बचत गटाची वही लिहिता येत असेल तर जमेल. एक आकडा पाठ करा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर.

समजा तुमचं शिवार 1,000 हेक्टर आणि यंदा पाऊस 500 मिलिमीटर. गावावर पडलं 500 कोटी लिटर. हा आकडा फळ्यावर लिहिला की सभेत कुजबुज होते, ‘मग टँकर कशाला लागतो?’ थांबा. बरंचसं ऊन आणि पिकं पिऊन टाकतात, काही ओढ्याने वाहून जातं. जमिनीत मुरतं ते खडकाच्या प्रकाराप्रमाणे साधारण 7 ते 13 टक्के. आपण 10 धरू. हातात राहिले 50 कोटी लिटर.

आता खर्च. वस्ती 2,000 माणसांची. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज 55 लिटर, म्हणजे वर्षाला चार कोटी लिटर. हजार जनावरं, प्रत्येकी रोज 40 लिटर, म्हणजे दीड कोटी. साडेपाच कोटी हे पहिलं देणं, त्याला हात लावायचा नाही. राहिले साडेचव्वेचाळीस कोटी. रब्बी ज्वारीला तीन पाणी द्यायची तर एकरी सात लाख लिटर धरा, म्हणजे सहाशेच्या वर एकर भिजतात. ऊस लावलात तर पंचावन्न एकर.

सहाशे की पंचावन्न, हे आकडे शेजारी शेजारी लिहून आम्ही खडू खाली ठेवतो. पुढची चर्चा गावाची.

हिशेब ढोबळ आहे. ओढ्यातून झिरपून जाणारं, खरिपात आधीच उपसलेलं, शेजारच्या गावातून आलेलं, हे सगळं यात धरलेलं नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच शिवाजीनगरला आहे. त्यांची माणसं यापेक्षा पक्कं गणित करून देतात. अटल भूजल योजनेतल्या गावांत असे ताळेबंद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेले दिसतील. भिंतीवरचा आकडा कोणत्या वर्षाचा आहे तेवढं मात्र बघून घ्या.

त्या हिशेबात आमचं काय?

हा प्रश्न एका आजींनी विचारला होता, तसाच ठेवला आहे. बायका सभेला आल्या होत्या पण भिंतीकडेने बसल्या होत्या. फळ्यावर माणसं झाली, जनावरं झाली, पिकं झाली. आजी म्हणाल्या, “म्हशीचं पाणी लिहिलंस, भांड्याधुण्याचं कुठंय? आन् विहिरीवरनं घरी आणायचं कुणी, त्येबी लिव्ह की.”

तेव्हापासून आम्ही आधी बायकांची बैठक वेगळी घेतो. कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते हे त्यांना पाठ असतं. गड्यांना साधारण माहीत असतं. एका ठिकाणी बाप्यांनी ‘एप्रिलपर्यंत पुरतं’ असं ठामपणे सांगितलं आणि बायकांनी संक्रांतीपासूनच लांबच्या आडावर जावं लागतं असं सांगितलं. दोघं खरं बोलत होते. मोटारीला पाणी एप्रिलपर्यंत पुरत होतं.

म्हणजे ऊस लावायचाच नाही का?

जिथे भूजलाशिवाय दुसरं पाणी नाही तिथे नाही. गोलमोल उत्तर देता आलं असतं, दिलं नाही.

पण ऊस लावणारा मूर्ख नसतो. एवढा हक्काचा गिऱ्हाईक कोणत्याच पिकाला नाही. कांद्याचा भाव कोसळतो, टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागतो, ऊस मात्र कारखाना घेऊन जातो. पुरंदरात पर्याय नाहीत असं नाही. सीताफळ आहे, वाटाणा आहे, आणि इथल्या अंजिराला तर भौगोलिक मानांकनही आहे. त्यांनाही ठिबकवर, मापात पाणी द्यायला हवं. आणि ठिबक आलं की वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजवायचे, असं झालं तर वाचलं काय?

बोअर किती फूट घ्यावी? पाणाड्याला बोलवावं का?

पाण्याची जागा शोधताना पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहतो ते आम्हीही पाहिलंय. पाणाडे बहुतेकदा गावाचं शिवार जन्मभर तुडवलेले असतात. ओढ्याची वळणं, उंबराची झाडं, जुने झरे त्यांना ठाऊक असतात, त्यामुळे काही जागा बरोबर निघतात. न निघालेल्या जागांची आठवण कोणी ठेवत नाही.

खोलीचं म्हणाल तर, दीड-दोनशे फुटांत पाणी नाही म्हणून सातशे फूट जाणं हा आपल्या खडकात जुगार आहे. खाली कुठे फट लागलीच तर ते फार वर्षांचं साठलेलं असतं, आणि ते भरून यायलाही तितकाच वेळ लागतो. एका तात्यांनी एका उन्हाळ्यात चार बोअर घेतल्या. तीन धुरळा, चौथीला दोन इंच पाणी. ते दोन इंच दुसऱ्या मे महिन्यात बंद झालं, कर्ज चालू आहे.

शेततळं घेतलं तर?

पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यात जाणार असेल तर जरूर घ्या. बोअरचं पाणी उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात भरणार असाल तर ते गावाच्या तिजोरीतलं काढून स्वतःच्या कपाटात ठेवणं झालं. वर आपल्याकडचं ऊन उघड्या तळ्यातून वर्षाला दीड-दोन मीटर पाणी पितं. जमिनीखाली होतं तेव्हा उन्हाचा हात पोचत नव्हता.

ओढा जेसीबीने खोल केला. तरी पाणी का टिकत नाही?

गाळ काढला तर फायदा, मुरूम काढला तर तोटा. ओढ्याच्या तळाचा मुरूम हाच पाणी मुरायचा रस्ता. तो खरवडून खडकापर्यंत गेलात की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी उलट ओढ्यात झिरपून वाहून जातं. ओढ्यात पाणी दिसतं, फोटो छान येतो, विहिरी खाली जातात. आणि डोंगरावर काही न करता थेट ओढ्याला हात घातला तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने परत भरतो.

बंधारा आहे पण पाणी अडत नाही, या तक्रारीचं कारण निम्म्या वेळा ढापे, म्हणजे बंधाऱ्याच्या दारांत पाणी अडवायला बसवायच्या फळ्या, असतात. एका गावात आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो तर ढापे ग्रामपंचायतीच्या खोलीत, त्यांवर निवडणुकीची बाकडी रचलेली. रबरी पट्ट्या उंदरांनी खाल्लेल्या. पोती, प्लॅस्टिक आणि काळी माती दाबून बसवले तोवर आठवडा गेला. ओढ्याचं शेवटचं पाणी त्याच आठवड्यात गेलं. ढापे कोणत्या तारखेला, कोणी बसवायचे हे गणपतीतच ठरवून टाका.

मोजमाप कोणी करायचं?

जो रोज करेल त्याने. बहुधा शाळेतली पोरं आणि एक चिकट स्वभावाचा माणूस.

पर्जन्यमापक मोकळ्या जागी हवा, झाडाखाली नको. सकाळी साडेआठला मोजायचा. विहिरीची पातळी मोजायची तर मोटार चालू व्हायच्या आधी. उपसा सुरू झाला की पाणी खाली ओढलं जातं आणि आकडा खोटा येतो. टेपच्या टोकाला वजन बांधून सोडा. पाण्याला टेकल्यावर ‘डुब’ असा बारीक आवाज येतो, त्या क्षणी बोटाने टेप धरायचा. कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. एका शाळेच्या वहीत सगळ्या विहिरी अडीच-तीन फुटांनी खोल निघाल्या होत्या, त्याचं कारण एवढंच.

भूजल यंत्रणा त्यांच्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते. तुम्ही निदान तेवढ्या वेळा तरी मोजा. महिन्याला मोजलंत तर उत्तम.

नियम मोडणाऱ्याचं काय करायचं?

दंडाचा नियम करता येतो, वसूल करता येत नाही. समोरचा चुलतभाऊ असतो किंवा सरपंचाचा व्याही. आमच्या अनुभवात दोन गोष्टी चालतात. एक, विहिरीनिहाय पातळी आणि कोणाचं कोणतं पीक किती एकर, हे दोन्ही तक्ते चावडीवर लावणं. नाव वाचलं गेलं की माणूस थोडा सावरतो. दुसरी, नियम पहिल्यांदा मोठ्या माणसाला लावणं. एका ठिकाणी समितीच्या अध्यक्षांच्याच पोराने उन्हाळी भुईमूग केला. अध्यक्षांनी भर सभेत कबूल केलं आणि मोटारीचं स्टार्टर दोन महिने समितीकडे ठेवलं. त्या वर्षी दुसरं कोणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या एका गावात असंच झालं आणि अध्यक्षांनी समितीच बरखास्त केली. तेही सांगायला हवं.

उपसा योजनेचं पाणी येणारच आहे. मग ही सगळी उठाठेव कशाला?

पुरंदर उपसा योजना मुळा-मुठेचं पाणी उचलते, जनाई-शिरसाई योजना वरवंड आणि शिर्सुफळच्या तलावांतून. त्यांनी तळी भरतात, विहिरींना पाझर येतो, फायदा नाकारायचं कारण नाही. पण पाणी डोंगर चढतं ते विजेवर. बिल थकलं की पंप थांबतात. शिवाय मुळा-मुठेतून येणारं पाणी पुण्याने वापरून सोडलेलं असतं. ते पिण्याच्या विहिरीशेजारच्या तळ्यात सोडायचं का, याचा विचार गावाने आधी करावा, हंड्यात फेस दिसल्यावर नको.

बाहेरचं पाणीही त्याच वहीत जमा बाजूला लिहा. ते आलं म्हणून वही बंद केलीत तर ते थांबेल त्या वर्षी शेतात उभा ऊस असेल आणि विहीर कोरडी.

कालव्याखाली असाल तर 2005च्या कायद्याने पाणीवापर संस्था करता येते. पाणी घनमापनाने, म्हणजे मोजून मिळतं, आणि संचालकांत कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातले लोक सारखे घ्यावे लागतात. शेपटाकडच्या माणसाला खुर्ची मिळाली की पाणी पोचायची शक्यता वाढते.

हिवरे बाजारसारखं आमच्या गावात होईल का?

सहल काढून बघून या, पण बंधाऱ्यांचे फोटो काढून परत येऊ नका. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या त्या गावात पोपटराव पवार 1990च्या आसपास सरपंच झाले. काम झालंच, पण त्याबरोबर बंधनं आली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअरबंदी, ऊस-केळी नाही, आणि दर वर्षी पाऊस मोजून पिकं ठरवणं. तुमच्या गावाला यातलं कोणतं बंधन चालेल ते आधी विचारा. चराईबंदी म्हटली की मेंढपाळ कुठे जाणार, याचं उत्तरही तयार ठेवा. सगळ्या डोंगराला एकदम बंदी नको, पाळीपाळीने भाग राखा. तीस-पस्तीस वर्षं एकच माणूस चिकाटीने मागे लागला, ही गोष्ट कोणत्याही योजनेच्या कागदात नसते.

मी पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. माझा काय संबंध?

तुमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो ना? तो कुठल्यातरी गावच्या विहिरीवरून भरून येतो. त्या विहिरीशेजारच्या शेतकऱ्याला एकदा भेटा.

दुसरं, खडकवासल्याचं पाणी तुम्ही, दौंड आणि इंदापूर यांच्यात वाटलं जातं. शहराचा वापर वाढला की तिकडचं एखादं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कमी होतं. बदल्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) प्रक्रिया केलेलं पाणी जुन्या कालव्यात सोडलं जातं. ते किती स्वच्छ करून सोडायचं हा शहराचा प्रश्न आहे, कारण घाण शहराची आहे. त्याखालचं उजनी धरणात जातं.

आणि सोसायटीच्या बोअरची पातळी तुम्हीही मोजू शकता. बेसाल्ट बाणेरलाही तोच आहे.

सुरुवात करायची तर पहिल्या दिवशी काय करू?

समिती स्थापन करू नका, फलक लावू नका. दोन-तीन जण घेऊन डोंगराच्या माथ्यापासून ओढ्याने खाली चालत या. एक पूर्ण दिवस लागतो, सोबत भाकरी घ्या. कुठे पाणी वाहून जातं, कुठे बांध फुटलाय, किती बोअर आहेत, त्यांतल्या किती चालू, हे लिहून घ्या. प्रत्येक वस्तीवर एका म्हाताऱ्या माणसाला विचारा की पूर्वी ओढा कोणत्या सणापर्यंत वाहायचा. तारीख सांगता येत नाही, सण बरोबर सांगतात.

मग दहा विहिरी निवडा. वरच्या, मधल्या, खालच्या, आणि ज्यांच्याशी तुमचं पटत नाही त्यांच्याही. कोजागिरीच्या सुमाराला पातळी मोजा आणि सभा बोलवायच्या आधी आकडे चावडीवर लावा. पुढची सभा बोलवावी लागत नाही, लोक विचारायला येतात.

टेप तीस मीटरचा घ्या. पंधराचा घेतलात तर उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला पोचत नाही.